दीड गुंठा लॉन आणि बिनवायरीचं मशीन

स्टोअरकीपर हा कुठल्याही संस्थेतला सगळ्यात नावडता माणूस. झाडू मागायला आलेल्याला तो विचारतो, "जुना कुठंय?" जुना आणून दाखवला तर तो उलटा-सुलटा करून बघतो आणि म्हणतो, "अजून आठ दिवस चालेल." बीड जिल्ह्यातल्या एका तालुका दूध संघात मी एकतीस वर्षं हेच केलं. माझ्या माघारी सगळे मला 'कुलूप' म्हणत. मला ते माहीत होतं, आणि खोटं कशाला सांगू, ऐकून थोडं बरंही वाटायचं. निवृत्तीच्या समारंभात माझ्या प्रामाणिकपणावर चार भाषणं झाली. त्या भाषणांत जे आलं नाही आणि यायलाही नको होतं, ते इथं लिहितोय.

बाहेरच्यांना वाटतं, खरेदी म्हणजे दुकानात जायचं आणि वस्तू आणायची. तसं नसतं. मागणाऱ्याला नक्की काय हवंय ते त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे. शिरूर कासारकडच्या एका गावच्या दूध सोसायटीचा सचिव एका वर्षात तीनदा कुलूप मागायला आला. दर वेळी आधीपेक्षा मोठं. म्हणे कपाटातून रजिस्टरची पानं जातात, कुणीतरी किल्ली केलीय. तिसऱ्या वेळी मी एसटीत बसून त्याचं कपाट बघायला गेलो. मागच्या फळीला चार बोटांचं भोक आणि आत उंदरानं केलेली बाळंतिणीची खोली. मी त्याला कुलूप दिलं नाही, पत्र्याची पेटी दिली. ही गोष्ट मी पुढं दहा वर्षं सांगत होतो. प्रत्यक्ष जाऊन बघितल्याशिवाय वस्तू द्यायची नाही, हा माझा नियम, असं वर ऐकवायचो. नियम मोडला तो एकदाच, तेही गवतापायी.

आमचं शीतकरण केंद्र पाटोद्याच्या रस्त्याला होतं. गावोगावचं दूध तिथं कॅनमधून यायचं, तपासून थंड व्हायचं आणि टँकरनं पुढं जायचं. कॅन रोज दोन वेळा धुवावे लागत. ते धुवण एका चरातून ऑफिससमोरच्या मोकळ्या जागेत सोडलेलं होतं. तिथं हरळी माजली. मग कुणीतरी कडेनं विटा लावल्या, विटांना चुना फासला आणि तिला लॉन म्हणायला लागले. जागा जेमतेम दीड गुंठा. पण आजूबाजूला नजर पोचेल तिथवर भेगाळलेली काळी रानं आणि मधे हे हिरवं. एसटीतली माणसं खिडकीतून वाकून बघायची. दुष्काळात आम्ही लॉनला पाणी घालतो अशी एकदा तक्रारही झाली होती. चौकशीला आलेल्या साहेबाला मी चराजवळ नेऊन पाण्याचा वास घ्यायला लावला. तो नाक धरून परत गेला.

हे गवत कापायला माणूस ठेवलेला नव्हता. आमच्याकडं बांधावरच्या गवताला जो रिवाज, तोच इथं चालायचा: कापील त्याचं गवत. मजुरी द्यायची नाही आणि गवताचं काही घ्यायचं नाही. गेली काही वर्षं हे काम गयाबाईकडं होतं. विळा घेऊन यायची, बसल्या बसल्या सरकत सरकत एका सकाळी निम्मं लॉन कापायची, दोन भारे बांधायची आणि जाताना पडलेल्या काड्यासुद्धा झाडून न्यायची.

गयाबाई विहारामागच्या वस्तीत राहायची. वय पन्नाशीच्या पुढं. मुलगा चाकणला कंपनीत, त्याचं त्यालाच पुरत नव्हतं. नवरा होता तोवर दोघं दर साल दसऱ्यानंतर मुकादमाच्या टोळीतून ऊसतोडीला जायची. आमच्याकडं त्याला 'कोयत्यावर जाणं' म्हणतात आणि नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा वारला आणि गयाबाई 'अर्धा कोयता' झाली. बाईमाणसाला असं अर्धं म्हणतात, हे मी इतकी वर्षं ऐकत होतो आणि कधी खटकलं नव्हतं. अर्ध्या कोयत्याच्या वाट्याला मोळ्या वाहणं जास्त येतं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरनं ट्रकमध्ये चढायचं. त्यात तिची मान गेली. बीडच्या डॉक्टरनं फोटो काढून सांगितलं, की आता डोक्यावर वजन घेतलंस तर हात कामातून जातील. मग तिनं होतं नव्हतं ते घालून एक जर्सी गाय घेतली.

"गाय हाय म्हून मी हितं हाय, भाऊ," ती म्हणायची. "न्हाईतर मुकादम दसऱ्याला दारात उभाच."

गाय सकाळ-संध्याकाळ मिळून नऊ-दहा लिटर द्यायची. दूध आमच्याच केंद्रावर यायचं. रांगेत गयाबाईचा नंबर पहिला-दुसरा ठरलेला.

मी सांगतोय तो दुष्काळाचा दुसरा पावसाळा. आषाढ लागला म्हणून चाऱ्याच्या छावण्या बंद झाल्या. पाऊस मात्र आला नाही. कडबा सोन्याच्या भावानंही मिळेना. लोकांनी जनावरं बाजारात नेली आणि बाजारातून तशीच माघारी आणली, कारण घेणाराच नव्हता. केंद्रावरचे कॅन निम्म्यावर आले. धुवण कमी झालं तरी हरळी तग धरून होती, आणि तिच्यावर गयाबाईची गाय.

अशात श्रावणात संघाचा वर्धापनदिन आला. मंत्री येणार होते. आमच्या चेअरमनना सगळे आबा म्हणत. माणूस वाईट नव्हता. छावणीत स्वतः उभं राहून पेंड वाटलेला माणूस. पण नुकतेच ते परदेशातल्या डेअऱ्या बघून आले होते आणि तिथल्या हिरवळी त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हत्या. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"काय बे कुलूप," आबा म्हणाले. तोंडावर तसं म्हणायची हिंमत फक्त त्यांचीच. "त्या लॉनला मशीन आण. तिकडं म्हातारीकोतारी सुदिक फिरवतेत. वायर न्हाई, धूर न्हाई. हितं आपल्या बाया फतकल मारून बसत्यात, मंत्र्याच्या फोटोत कसं दिसंल ते?"

वायर न्हाई, हे त्यांनी मुद्दाम म्हटलं. आधी आमच्याकडं एक वायरचं मशीन होतं. आमचे रशीद मिस्त्री, कॉम्प्रेसरवरचा हुशार माणूस, एका दुपारी ते फिरवत होते आणि मशीननं स्वतःचीच वायर कापली. फट्ट झालं आणि अख्खं केंद्र बंद पडलं. फ्यूज सापडेपर्यंत टाकीतलं दूध नासलं. सगळे मिस्त्रींना बोलले. खरं तर चूक माझी होती, वायर हिरव्या रंगाची मीच आणली होती. पेट्रोलचं मशीन आम्ही घेऊ शकत नव्हतो. दूध कुठलाही वास ओढून घेतं. लॉन आणि दूध उतरवायचा ओटा यांच्यात वीस पावलांचं अंतर. म्हणजे उरलं बॅटरीचं.

मी नगरला गेलो. दुकानदारानं गाव विचारलं आणि हसला. "बीडात लॉन? माणसांना प्यायला पाणी आहे का आधी?" मी म्हटलं, "मशीन दाखवा, पाणी मी बघतो."

वाचणाऱ्यांपैकी कुणाला असं मशीन घ्यायचं असेल तर सांगून ठेवतो, कारण एवढं ज्ञान मी मिळवलं ते कुठं तरी कामाला यावं. आधी जागा मोजा. दीड-दोन गुंठ्यांना तेरा-चौदा इंची पातं पुष्कळ झालं; त्याहून मोठं घेतलंत तर वजन ओढता ओढता दम जाईल आणि कोपऱ्यात वळणार नाही. बॅटरीवर दोन आकडे असतात. व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर आहे, आणि अँपिअर-अवर म्हणजे टाकीत पाणी किती. दुकानदार पहिला आकडा मोठ्यानं सांगतो आणि दुसऱ्यावर अंगठा ठेवतो. छत्तीस व्होल्टचं घ्या आणि अर्धा-पाऊण तास चालेल एवढी बॅटरी बघा. चार्ज व्हायला किती तास लागतात ते तुमच्या गावच्या लोडशेडिंगशी ताडून बघा. कापायची उंची बदलता आली पाहिजे. उन्हाळ्यात गवत तीन बोटं राखावं, खरवडलं तर जळतं. पातं बदलायला मिळतं का, बॅटरी दोन वर्षांनी एकटी विकत मिळते का, हे पावती करायच्या आधी विचारा. एकदा पावती झाली की दुकानदाराला बहिरेपणा येतो.

शेवटी माझ्यापुढं दोन मशीनं राहिली. एक स्वस्त आणि हलकं. ते गवत अगदी बारीक करून तिथंच मातीवर सोडायचं, त्याचंच खत व्हायचं. दुसऱ्याला मागं डबा होता, कापलेलं सगळं त्यात जमा व्हायचं. ते महाग.

मी फोटो घेऊन आबांकडं आलो. दहा-बारा संचालक, सचिव, चहा देणारे, सगळे बसलेले. आबा म्हणाले, "स्वस्तातलं घे. गवत उचलायची कटकट न्हाई."

"आबा, मग गयाबाईच्या गाईनं काय खायचं?" मी म्हणालो.

"संघ काय एका गाईसाठी हाय का?"

"संघ गाईसाठीच आहे, आबा. पाटीवर चित्र गाईचंच आहे."

मी असा बोलणारा माणूस नाही. आवाज जरा चढला होता. आबांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "घे बे, डब्याचं घे. डोकं नको खाऊ."

त्या दिवशी घरी जाताना माझी छाती फुगली होती. बायकोला सांगितलं, शेजाऱ्याला सांगितलं. मशीन आल्यावर गयाबाईलाही सांगितलं, की आता बसून कापायचे कष्ट नाहीत. मिस्त्री फिरवतील, तुम्ही फक्त पोतं घेऊन या.

मशीनबरोबर पुस्तिका आली होती, इंग्रजीत. आलेल्या प्रत्येक वस्तूची पुस्तिका पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची, ही माझी शिस्त. वाचता वाचता एक पान आलं, कापलेल्या गवताची विल्हेवाट कशी लावावी. ढीग करून ठेवू नये, बंद पिशवीत ठेवू नये, टाकून द्यायचं तर असं असं टाकावं. मी मिस्त्रींना हाक मारली.

"मिस्त्री, ऐका. तिकडचे लोक गवत टाकून देतात आणि कसं टाकायचं हे पुस्तकात छापतात!"

"खुदा देतो त्याला अकल देत न्हाई," मिस्त्री म्हणाले. आम्ही दोघंही पोट धरून हसलो. बाहेर जनावरं झाडाच्या साली खात होती आणि इथं गवत टाकायचं शास्त्र. ते पान मी पुढं वाचलंच नाही. एकतीस वर्षांत पुरतं न वाचता उलटलेलं ते एकच पान.

पहिल्या दिवशी गयाबाईनं डब्यात हात घालून मूठभर गवत वर काढलं आणि बोटांनी चोळलं.

"लई बारीक हाय, भाऊ. चटणीच केली की याची."

"मग बरंच आहे," मी म्हणालो. "गाईचे चावायचे कष्ट वाचले."

ती हसली नाही. "बरं," म्हणाली आणि पोतं घेऊन गेली. पहिले दोन आठवडे काही झालं नाही. गवत थोडंच निघायचं, ती लगेच न्यायची, थोड्या भुसकटात कालवून घालायची. दूधही टिकून होतं. मी मनात म्हणायचो, बघा, एका वस्तूची निवड नीट केली की सगळ्यांचं भलं होतं.

वर्धापनदिन रविवारी होता. शुक्रवारपासून बंदोबस्त लागला आणि बाहेरच्या कुणालाही आवारात सोडायचं नाही असा हुकूम निघाला. मिस्त्रींनी शुक्रवारी लॉन कापलं आणि आबांचं समाधान होईना म्हणून शनिवारी पुन्हा, आणखी खाली. तीन पोती गवत निघालं. एरवी कधी एवढं निघत नसे. बाहेर ठेवलं तर रात्रीतून कुणीही उचललं असतं. त्या दिवसांत लोक दुसऱ्याच्या छपराचं पाचटसुद्धा ओढून नेत. म्हणून मी पशुखाद्याची रिकामी प्लॅस्टिकची पोती घेतली, गवत दाबून दाबून भरलं, तोंडं सुतळीनं शिवली, तिन्ही पोत्यांवर खडूनं 'गयाबाई' लिहिलं आणि स्टोअरमध्ये ठेवून कुलूप लावलं. वस्तू कुलपात गेली की सुरक्षित झाली, हे माझ्या हाडामांसात होतं. लोखंडाचं, रबराचं, काचेचं सामान सांभाळत मी म्हातारा झालो होतो. वर पत्रा, समोर ऊन.

रविवारी मंत्र्यांनी लॉनचं कौतुक केलं. आबांनी माझ्याकडं बोट दाखवलं. फोटो निघाला, त्यात मीही आहे.

सोमवारी सकाळी गयाबाई आली. पोती उचलून द्यायला मी स्वतः हात लावला. बुडाशी चांगलंच गरम लागलं. मला वाटलं, पत्रा तापतो म्हणून असेल. तिनं पोत्यांवरचं नाव बघितलं. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. "माझं नाव घातलं व्हय," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसलं. पोती डोक्यावर घेऊ नका म्हणून मिस्त्रींनी सायकलवरून पोचवली.

मंगळवारी सकाळी दुधाच्या रांगेत ती दिसली नाही. कॅन संपत आले तेव्हा फाटकातून पळत आली. हातात बरणी नव्हती.

"भाऊ, गाय फुगलीय. डाक्टरला बोलवा. लई फुगलीय."

संघाचे डॉक्टर त्या दिवशी केंद्रावरच होते. आम्ही तिघं त्यांच्या गाडीतून वस्तीवर गेलो. गाय आडवी पडली होती. डावी कूस ढोलासारखी वर आलेली, जीभ बाहेर, तोंडाला फेस. शेजारणींनी गोडेतेल पाजायचा प्रयत्न केला होता, ते सगळं गळ्यावरून ओघळलेलं. डॉक्टरांनी कुशीत सुई घातली. हवा आणि हिरवट फेस फुसफुसत बाहेर आला, असा आंबूस वास की मी नाक धरलं. गाईनं एकदा मान उचलली. गयाबाईला वाटलं ती उठतेय. तिनं शिंगाखाली हात घातला आणि "उठ माय, उठ माय" म्हणत राहिली. गाय तशीच तिच्या हातावर गेली. डॉक्टरांनी तिला हळूच बाजूला घेतलं तरी तिचा हात शिंगाखालून निघेना.

नंतर डॉक्टर मला गव्हाणीशी घेऊन गेले. तिथं एक पोतं निम्मं भरलेलं होतं.

"हात घाला यात," ते म्हणाले.

मी कोपरापर्यंत हात घातला आणि चटकन बाहेर काढला. आत भाकरीच्या तव्याजवळ बसल्यासारखी धग होती. गवत काळपट, चिकट.

"विळ्यानं कापलेलं गवत वेगळं," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "लांब असतं, हवा लागते, गाय चावून खाते, रवंथ करते. हे मशीनचं चूर्ण. चावावं लागत नाही, सरळ पोटात जातं. त्यात तीन दिवस बंद पोत्यात राहिलं की आंबून पेटतं. उपाशी जनावरानं हे पोटभर खाल्लं तर दुसरं काय होणार? कुणी भरून ठेवलं असं?"

मी सांगितलं.

त्यांनी पोत्याचं तोंड दुमडलं. "तिला मी सांगू की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो," मी म्हणालो.

नाही सांगितलं. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. आठवडा गेल्यावर वाटलं, आता सांगून काय उपयोग. बायका वस्तीवर म्हणत होत्या, गयाबाईनं हावरटासारखं जास्त घातलं. ते माझ्या कानावर येत होतं आणि मी त्यांना कधी थांबवलं नाही. मिस्त्रींना सांगून मी कापलेलं गवत जमिनीवर पातळ पसरायला लावलं. कारण विचारलं तर म्हणालो, पुस्तिकेत तसं लिहिलंय. ते खरंच होतं. ते पान मी मग काढून वाचलं, एकदा नाही, वीसदा वाचलं असेल.

आबांकडं जाऊन मी म्हणालो, संघानं तिला एक कालवड द्यावी. आबांना वाईट वाटलं. पण त्यांनी खिडकीतून बाहेर हात केला. "कुणाकुणाला देऊ? ह्या सालात किती दावणी रिकाम्या झाल्या ते तुलाबी ठाव हाय." माझ्या चुकीनं मेलेली गाय ही एकच आहे, असं मी म्हणायला हवं होतं. लॉनच्या मशीनसाठी चढलेला माझा आवाज त्या दिवशी घशातच राहिला.

दसरा झाला. मुकादमाचा ट्रॅक्टर वस्तीच्या तोंडाशी उभा राहिला. सकाळी आठची वेळ. लोक भांडी, बाजरीची पोती, कोंबड्या, पत्र्याच्या पेट्या ट्रॉलीत चढवत होते. जोड्या जोड्यांनी माणसं बसत होती. गयाबाई एकटीच चाकाशी टेकून उभी होती. मी सायकल लावून तिच्याजवळ गेलो. तिला बाजूला चला म्हणालो. ती दोन पावलं आली.

"गयाबाई, एक सांगायचं राहिलं. तुमची गाय माझ्यामुळं गेली. त्या पोत्यांत गवत आंबलं होतं. मी कोंडून ठेवलं, म्हणून. तुम्ही जास्त घातलं असं काही नाही."

ती माझ्याकडं बघतही नव्हती. ट्रॉलीत कुणी कुठं बसतंय ते बघत होती.

"मला ठाव हाय, भाऊ."

"डॉक्टरांनी सांगितलं?"

"डाक्टरनं कशाला सांगाय पायजे? म्या जलमभर गवतच कापलं. पोतं सोडलं तवाच वास आलता. गाईनं बी तोंड फिरवलं. दोनदा घातलं, दोनदा फिरवलं. मग म्या मिठाचं पाणी शिपडलं, तवा खाल्लं तिनं."

"कावून घातलं मग?" मी विचारलं. मी कधी असं बोलत नाही, पण तिच्याच बोलीत निघालं.

तिनं आता माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. रागानं बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"तुमी माझ्यापायी आबासंगं भांडले, साऱ्या गावानं आइकलं. पोत्यावर माझं नाव लिवलं. असलं गवत म्या उकिरड्यावर टाकलं असतं अन् तुमी बघितलं असतं, तर तुमाला काय वाटलं असतं?"

मुकादमानं हाक मारली. ती चाकावर पाय देऊन वर चढली, कुणीतरी तिला हात दिला आणि ट्रॅक्टर निघाला.

काय वाटलं असतं, ते मला चांगलं माहीत होतं. मला राग आला असता. एवढं करूनही बाईला किंमत नाही, असं मी केंद्रावर चारचौघांत म्हणालो असतो, आणि पुढच्या वेळी ते गवत दुसऱ्या कुणाला तरी दिलं असतं.